फायरकाकांची उदबत्ती

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती. स्टीलच्या पेल्यात वाळू, वाळूत उदबत्ती, आणि खाकी युनिफॉर्ममधला एक ठेंगणा, पन्नाशी उलटलेला माणूस तो पेला डोळ्यांसमोर धरून आमच्या डायलिसिस सेंटरच्या भिंतीकडेने अगदी सावकाश चालला होता. टेक्निशियन म्हणून माझा नोकरीचा पहिला दिवस. मला वाटलं, इथे रोज सकाळी पूजा होत असेल. मी चपला काढल्या आणि हात जोडले.

"प्रसाद नाय हां," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आणि चपला घाल. पळायची वेळ आली तर काय अनवाणी पळशील?"

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर ती बिल्डिंग. तळाला दुकानं, पहिल्या मजल्यावर कपड्यांचं शोरूम, दुसऱ्यावर विम्याचं ऑफिस, तिसऱ्यावर वकिलांची ऑफिसं आणि सर्वांत वर, चौथ्यावर आमचं सेंटर. सहा बेड, सहा मशीन. ते उदबत्तीवाले गृहस्थ कागदावर बिल्डिंगचे फायर गार्ड होते. आम्ही त्यांना फायरकाका म्हणायचो. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. हे स्वतः चेंबूरच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात आग विझवणाऱ्या पथकात वीस-बावीस वर्षं काढून, कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आलेले. राहायला भांडुपला, टेकडीवर.

उदबत्तीचा आणि देवाचा काही संबंध नाही, हे मला आठवड्याभराने कळलं. हवा कुठून कुठे ओढली जाते ते डोळ्यांना दिसत नाही, उदबत्ती दाखवते. "मोठा धूर झाला तर तो ह्याच वाटेने जाणार," ते म्हणायचे. "मग आजच छोट्याला विचारून ठेवलेलं बरं." दर सोमवारी त्यांची अशी फेरी व्हायची. आमच्या सेंटरमध्ये एका कोपऱ्यापाशी ते नेहमी थांबायचे. त्या भिंतीपलीकडे विजेच्या केबलींचा उभा डक्ट होता, तळापासून गच्चीपर्यंत. तिथे उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता वाकडा होऊन फॉल्स सीलिंगच्या फटीत शिरायचा. म्हणजे सीलिंगच्या वर, भिंतीत, डक्टकडे उघडणारं भोक होतं. काकांनी ते बिल्डिंगच्या मॅनेजरला दाखवलं, रजिस्टरमध्ये लिहिलं. मॅनेजर म्हणाले, करून घेऊ. काकांनी पुन्हा लिहिलं. मॅनेजर म्हणाले, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर काकांनी तिसऱ्यांदा लिहिलं.

त्यांना कुणी "काय काका, कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "दोन्ही जिने मोकळे आहेत." किंवा मग, "पुढचा मोकळा आहे." त्यावरून त्यांची तब्येत ओळखायची.

मागच्या जिन्याचा एक किस्सा आहे. पहिल्या मजल्यावरच्या शोरूमवाल्यांनी जुने पुतळे आणि रिकामे खोके जिन्यात रचायला सुरुवात केली. काकांनी सांगून पाहिलं, लिहून पाहिलं. मग एके दिवशी दुपारी ते डबा घेऊन तिथेच, पुतळ्यांच्या मधोमध, जाऊन बसले आणि जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोकं नसलेले सात-आठ पुतळे उभे आणि मध्ये मांडी घालून हा माणूस कुळथाची पिठी आणि भात खातोय, हे शोरूमच्या मागच्या दारातून गिऱ्हाइकांना दिसायचं. शेवटी शेठ स्वतः आले.

"काका, माझ्या केबिनमध्ये बसून जेवा ना. एसी आहे."

"हे लोक हलले की मीही हलतो," काकांनी पुतळ्यांकडे बोट दाखवलं.

अकरा दिवस ते तिथे जेवले. बाराव्या दिवशी जिना रिकामा झाला. त्यानंतर ती पद्धतच पडली. काका डबा घेऊन कुठे बसलेत त्यावरून बिल्डिंगला कळायचं, आज कुणाचं चुकलंय. "काका तिसऱ्यावर जेवतायत" म्हटलं की वकिलांची माणसं धावत जाऊन फायलींचे गठ्ठे आत घ्यायची. मी विचारलं होतं, ह्यापेक्षा भांडण सोपं नाही का? ते म्हणाले, "सामान रिकामी जागा बघून येतं गो. माणूस बसलेला दिसला की लाजतं."

कुठल्याही बंद दाराला किंवा विजेच्या बोर्डाला ते तळहात लावत नसत. हाताची पालथी बाजू लावायचे. तिथली कातडी पातळ, ऊब लवकर कळते. आणि करंट असलाच तर हात मुठीसारखा आवळला जातो, तळहाताने धरलेलं सुटत नाही. मला त्यांनी पहिल्या महिन्यातच हे शिकवलं. आमच्या पॅन्ट्रीत चहाच्या किटलीचा प्लग होता. एक दिवस तो त्यांनी उपसून काढला आणि मला बोर्ड दाखवला.

"काय दिसतं?"

"भोकाभोवती तपकिरी झालंय. डाग आहे."

"डाग नाय. हा बोर्ड विड्या ओढतो. ओठ बघ त्याचे." मग गंभीर होऊन म्हणाले, "आत ढिला आहे. महिनाभर गरम होतोय आणि तुम्ही रोज चहा पिताय. आग एका दिवसात येत नाय. आधी दहा वेळा येऊन घर बघून जाते."

त्यानंतर मलाही ती सवय लागली. कुणाच्या घरी गेले तरी माझी नजर आधी बोर्डावर जायची. आई वैतागायची, "पोरगी बघायला गेल्यासारखी काय बघतेस?"

आमच्या तीन नंबरच्या बेडवर एक सर यायचे. गणिताचे निवृत्त शिक्षक, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. चार तास सुई टोचलेला हात हलवता येत नाही, मग माणूस जीभ हलवतो. सरांचं काकांशी मुळीच पटत नव्हतं.

"इतकी वर्षं ही बिल्डिंग उभी आहे," सर एकदा म्हणाले. "लागली का कधी आग?"

"नाय लागली."

"मग तुमचा उपयोग काय?"

"तोच," काका म्हणाले आणि पुढे गेले.

सर आम्हाला म्हणाले, "नाटकी आहे हा माणूस." पण पुढच्या सोमवारी उदबत्ती आली तेव्हा मान वळवून ते तिच्याकडे बघत होते, हे मी पाहिलं.

एका सकाळी काका स्टूल ओढून माझ्याजवळ बसले आणि मी पेशंटला मशीनला जोडते कशी ते सुरुवातीपासून बघितलं. हातातल्या दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून साफ होऊन आत, मधल्या नळ्या. बघून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "ह्याला सोडवायचं कसं?"

मी सांगितलं, नळ्यांमधलं सगळं रक्त आधी पेशंटला परत द्यायचं, मग सुया काढायच्या. पंधरा मिनिटं.

"आणि पंधरा मिनिटं नसली तर?"

तेही आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं, मी कधी केलं मात्र नव्हतं. पंप बंद, सुयांकडच्या आणि मशीनकडच्या नळ्यांना चिमटे, मधून नळी सोडवायची, टोकं बंद करायची, सुया हातातच ठेवून पेशंटला उठवायचं. एकाला मिनिटभर. पण नळ्यांमधलं वाटीभर रक्त जातं. ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याला वाटीभरही फार.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी, पेशंट गेल्यावर, मला आणि आमच्या सिस्टरांना रिकाम्या नळ्यांवर ते करायला लागायचं. काका घड्याळ धरून उभे. डॉक्टर, म्हणजे सेंटरचे मालक, हसायचे. "करा, करा. काकांचं समाधान."

आता बोंबलांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नंतरचं सगळं तिच्यामुळे अवघड झालं. एप्रिलमध्ये एका सकाळी काका धापा टाकत वर आले. जळका वास, मासळीसारखा. त्यांनी पॅन्ट्रीचं मेन बंद केलं, वकिलांना जिन्यात आणलं, मॅनेजरला बोलावलं. वीस मिनिटांनी शोध लागला की आमच्या सफाईच्या मावशींनी मायक्रोवेव्हमध्ये सुके बोंबील गरम करायला ठेवले होते आणि विसरल्या होत्या. सगळी बिल्डिंग हसली. मालवणी माणूस आणि बोंबील ओळखता येत नाहीत? मॅनेजर रोज विचारायचे, "काय काका, आज काय मेनू?" मी वाईट वाटून काकांना म्हटलं, जाऊ दे, होतं असं. ते म्हणाले, "कसली चूक? गरम झालेल्या वायरीचा वास तसाच येतो. मी उद्याही धावणार."

मे महिन्यात, सकाळी साडेनवाच्या सुमाराला, ते पुन्हा आले. धावत नव्हते. दारातून आत आले, सरळ त्या कोपऱ्यात गेले, डक्टच्या भिंतीला हाताची पालथी बाजू लावली, खाली लावली, वर लावली. सहाही बेडवर पेशंट होते, सगळ्यांचं दीड-दोन तास झालेलं. मलाही आता वास येत होता. मासळीचाच.

"मावशी, परत बोंबील का?" सर बेडवरून म्हणाले. एक-दोघं हसले. मावशींनी रिकामे हात दाखवले.

"मासळी असती तर तोंडाला पाणी सुटलं असतं," काका हळू आवाजात मला म्हणाले. "घसा सुकतोय. ब्रिगेडला फोन केलाय. तुमची पंधरा मिनिटं माझ्याकडे नाहीत."

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. ते गाडीत होते. स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "धूर दिसतोय का?"

"नाही सर. वास आहे."

"मग रक्त नीट परत द्या आणि मग काढा. एका वासासाठी सहा जणांचं रक्त फेकणार आहात का?"

काका फोनजवळ आले नाहीत. माझ्याकडेच बघत होते. "तीन नंबरचं रक्त किती आहे?"

"हिमोग्लोबिन सहा," मी म्हटलं. "खूप कमी आहे. त्यांना त्रास होईल."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. मग डोळे उघडून ते म्हणाले, "सोडव. माझ्या सांगण्यावरून सोडव. कुणी विचारलं तर हेच सांग."

 मी दर शुक्रवारी जे करायचे तेच केलं. पंप बंद, चिमटे, नळी, टोपण. सिस्टरांनी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली, मी अलीकडून. सर म्हणाले, "मी लेखी तक्रार करणार आहे," आणि मुकाट्याने हात पुढे केला. चौथ्या पेशंटला सोडवत असताना लाइट गेले. पाचव्याच्या वेळी सीलिंगच्या फटीतून धूर यायला लागला. पांढरा नाही, काळा, जाड, खाली लोंबणारा.

पुढचा जिना डक्टला लागून होता. काकांनी मागचा उघडला. वकिलांच्या ऑफिसमधले चार तरुण त्यांनी आधीच वर बोलावून ठेवले होते. ज्यांना चालता येत नव्हतं त्या दोन आज्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवून त्या तरुणांनी उचललं. बाकीचे भिंतीला डावा हात लावून, एकामागे एक. सर्वांत शेवटी काका, आमचं दार ओढून घेत. त्या जिन्यात एक खोकासुद्धा नव्हता. मी खाली रस्त्यावर येऊन माणसं मोजली, सिस्टरांनी मोजली, काकांनी तीनदा मोजली.

ब्रिगेडने आग अर्ध्या तासात विझवली. दुसऱ्या मजल्यावर डक्टमधला एसीच्या केबलचा एक जॉइंट जळाला होता. बघायला गेलं तर केवढीशी आग. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापाशी मॅनेजर कुणाला तरी सांगत होते की ह्या माणसाने उगाच पेशंटांचे हाल केले. सर फुटपाथवर खुर्चीत पांढरे पडले होते, त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर आले ते रागातच होते. ते काकांना म्हणाले, "मला हे सगळं लेखी हवंय." काका म्हणाले, "देतो."

दुपारी ब्रिगेडचे ऑफिसर आम्हाला वर घेऊन गेले. डॉक्टर, मॅनेजर, काका आणि मी. टॉर्चच्या उजेडात आधी काही कळेना. मग दिसलं की भिंतीवर चारी बाजूंनी एक सरळ रेघ आहे. रेघेच्या वर सगळं काळं, खाली भिंत क्रीम रंगाची, जशी होती तशी. रेघ माझ्या गुडघ्यापाशी होती. सहाही बेड रेघेच्या वर.

मी तीन नंबरपाशी गेले. उशीत सरांच्या डोक्याचा खळगा तसाच राहिला होता, आणि तो खळगाही आतून काळा झाला होता.

"किती वेळात झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर पडल्यावर पाच-सात मिनिटांत भरलं असणार," ऑफिसर म्हणाले. "धूर वरून उतरत येतो. कुणी सोडवले पेशंट?"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. मॅनेजर उशीकडे बघत होते. काका मात्र कुणाकडेच बघत नव्हते. ते कोपऱ्यात सीलिंगच्या त्या फटीखाली उभे होते. "तीनदा लिहिलं मी," ते म्हणाले. "लिहिलं नि गप्प बसलो. स्वतः चढून बुजवायला काय झालं होतं माका?" त्यांच्या आवाजात एवढी चीड मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ती स्वतःवरची होती.

त्यांनी डॉक्टरांकडून एकच मागून घेतलं, आठवडाभर भिंत रंगवू नका. त्या आठवड्यात त्यांनी बिल्डिंगमधल्या एकेका माणसाला वर नेऊन त्या रेघेसमोर उभं केलं. दुकानदार, वकील, विमावाले, शोरूमचे शेठ. समजावून काही सांगायचे नाहीत. नुसतं, "बसून बघा," म्हणायचे. माणूस बेडच्या कडेवर बसला की रेघ त्याच्या मांडीच्याही खाली यायची. डक्टमधली सगळी भोकं त्या आठवड्यातच बुजली. मॅनेजर स्वतः शिडी धरून उभे होते.

सरांना दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. आमचं सेंटर दुरुस्तीला बंद, म्हणून त्यांचं डायलिसिस मुलुंडच्या एका सेंटरमध्ये चालू झालं. काका मला म्हणाले, चल, मला त्यांच्याकडे जायचंय. आम्ही गेलो. सर आणखी वाळले होते.

"दोन बाटल्या," सर म्हणाले. "तुमच्यामुळे."

"होय," काका म्हणाले.

"पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल?"

"पुन्हा सोडवायला सांगीन."

"मग आलात कशाला? माफी मागायला तर नाही."

"नाय. तुमचं रक्त माझ्या सांगण्यावरून गेलं. तब्येत विचारायला दुसरं कोण येणार?"

 मशीनचा पंप फिरत होता. मग सरांनी मोकळ्या हाताची तर्जनी वर केली, वर्गात करत असतील तशी. "त्या सीलिंगकडे बघा. आगीत पाणी सोडणारा तो स्प्रिंकलर. कुणीतरी त्याला पताका बांधून ठेवलीय. मी परवा ह्या मुलींना सांगितलं, त्या हसल्या."

काकांनी वर पाहिलं आणि बूट काढून स्टूलवर चढले.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले आणि जिने चढणं बंद झालं. नोकरी सोडून ते भांडुपला घरीच असायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका द्यायला गेले. नवरा काय करतो, कुठला, काही विचारलं नाही. पत्रिका चष्म्याजवळ धरून म्हणाले, "हॉल कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"दारं किती?"

मला माहीत नव्हतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते काठी टेकत, बाबांना बरोबर घेऊन, हॉल बघून आले. बाबा घरी येऊन म्हणाले, "तुझे काका विचित्र आहेत गं. स्टेज बघितलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. मागच्या दाराला कुलूप का, ह्यावरून तासभर हॉलवाल्याशी बोलत होते. तो म्हणाला, चपला चोरीला जातात म्हणून."

लग्नाच्या दिवशी ते नवा पांढरा शर्ट घालून आले. मी स्टेजवरून त्यांना पुढच्या रांगेत शोधत होते. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, आणि मान जरा वाकडी करून मी पाहिलं तर हॉलच्या पार टोकाला, मागच्या दारापाशी ते उभे. दार सताड उघडं. बाहेर जिन्याच्या कडेकडेने, मधली वाट मोकळी ठेवून, सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या आणि काठी आडवी धरून हे त्यांची राखण करतायत. सिस्टर त्यांना खुर्चीकडे बोलावत होत्या, ते मानेने नाही म्हणत होते.

"शुभमंगल सावधान" झालं. सगळा हॉल पुढे सरकला. त्यांनी जागा सोडली नाही. काठी काखेत धरली, मूठ उघडली आणि तिथूनच, होता नव्हता तो जोर लावून, अक्षता माझ्या दिशेने फेकल्या. त्या त्यांच्यापासून चार हातांवरच जाऊन पडल्या. ते समाधानाने हसले, काठी पुन्हा हातात घेतली आणि दाराकडे वळले.